‘पिकअप’ करायचं की ‘पिक अप’?

पत्राचा सारांश: पत्र पाठवणाऱ्या ताई 37 वर्षांच्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावात बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्या, पुढे बी.कॉम. केलं. गेली चार वर्षं त्या पिंपरी-चिंचवडच्या एका मालवाहतूक कंपनीत डिस्पॅचच्या टेबलावर आहेत. गाड्या लावणं, ड्रायव्हरांशी बोलणं, ग्राहकांना मेल करणं हे त्यांचं रोजचं काम. मागच्या महिन्यात त्यांनी बंगळूरच्या एका ग्राहकाला लिहिलं: ‘अवर ड्रायव्हर विल पिकअप इट टुमॉरो. यस्टरडे ही डिडन्ट पिकअप्ड.’ नव्या साहेबांनी हा मेल चारचौघांत वाचून दाखवला आणि ‘पिकअप इट’ असं काही इंग्रजीत नसतं, असं सांगितलं. का नसतं, ते मात्र सांगितलं नाही. ताईंनी मग हजार फ्रेझल व्हर्बची (क्रियापद आणि ‘अप’, ‘ऑन’सारखा छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांची) यादी असलेलं पुस्तक आणलं आणि रोज दहाचं पाठांतर सुरू केलं. बाविसाव्या दिवशी ‘पिक अप’, ‘पिक ऑन’, ‘पिक आउट’ यांचा डोक्यात काला झाला. त्या विचारतात: डोक्यात आधी मराठी येतं म्हणून हे होतं का? या वयात जमेल का? की सरळ ‘कलेक्ट’ वापरून हे प्रकरण टाळावं?

ताई,

साहेबांनी मेल सगळ्यांसमोर वाचायला नको होता. चूक दाखवायची तर बाजूला बोलावून दाखवता येते, आणि सोबत कारणही सांगता येतं. ते कारण आधी बघू, कारण ते कळलं की निम्मं ओझं उतरेल.

‘पिकअप’ हा शब्द तुम्हाला कमी येतो म्हणून तुम्ही अडला नाहीत. तो तुमच्या तोंडात फार पक्का बसलाय म्हणून अडलात. ‘आज तीन पिकअप आहेत’, ‘पिकअप पॉइंट कुठला?’, ‘गाडीला पिकअप नाही’, ‘छोटा माल आहे, पिकअप पाठव’: हे सगळं आपण मराठीत बोलतो आणि प्रत्येक ठिकाणी ‘पिकअप’ हे नाम आहे. आपल्याला हवं तेव्हा त्याला ‘करणे’ जोडून आपण क्रियापद बनवतो: माल पिकअप केला. त्यामुळे ‘पिकअप’ म्हणजे एक अखंड वस्तू, ती फुटत नाही, असं कानाला वाटतं. इंग्रजीतही नाम म्हणून तो अखंडच आहे. ‘शेड्यूल अ पिकअप’, ‘द पिकअप इज ॲट फोर’ ही वाक्यं बिनचूक आहेत, खुशाल लिहा. पण क्रियापद झालं की त्याचे दोन शब्द होतात, ‘पिक’ वेगळा आणि ‘अप’ वेगळा, आणि त्या दोघांच्या मधे जागा तयार होते. तुमची सगळी अडचण त्या जागेत आहे.

लिहिताना जोडून की तोडून, याची सोपी परीक्षा अशी. वाक्य कालचं करून बघा. ‘वी पिक अप द बॉक्सेस’चं ‘वी पिक्ड अप द बॉक्सेस’ होतं, म्हणजे ‘पिक’ बदलला, म्हणजे क्रियापद, म्हणजे दोन शब्द. ‘पिकअप टाइम’ला भूतकाळ लावता येत नाही, तो एकच शब्द. भूतकाळाचा प्रत्यय नेहमी ‘पिक’लाच लागतो. ‘पिकअप्ड’ हे रूप नाही, आणि ‘डिडन्ट’ आलं की ‘पिक्ड’चंही पुन्हा ‘पिक’ होतं, कारण काळ दाखवायचं काम ‘डिड’ने आधीच केलेलं असतं.

आता मधली जागा. वस्तूचं नाव घेतलं असेल तर ते मधे ठेवा किंवा शेवटी ठेवा, दोन्ही चालतं: ‘पिक अप द बॉक्स’, ‘पिक द बॉक्स अप’. पण नावाऐवजी ‘इट’, ‘देम’, ‘मी’, ‘यू’, ‘हिम’, ‘हर’, ‘अस’ असं सर्वनाम आलं, तर ते मधेच बसतं. ‘पिक इट अप.’ ‘पिक देम अप.’ ‘आय विल पिक यू अप ॲट सिक्स.’ इथे पर्याय नाही.

असं का? इंग्रजी वाक्यात जोर सहसा शेवटाकडे जातो आणि नवी माहिती तिथे येते. ‘इट’ म्हणजे ज्याच्याबद्दल आधीच बोलून झालंय ते. त्यात नवं काही नाही, म्हणून त्याला शेवटची जागा मिळत नाही. तो मधे दबून जातो आणि जोर ‘अप’वर पडतो. ‘पिकअप इट’ म्हटलं की जोर बिचाऱ्या ‘इट’वर पडतो आणि ऐकणाऱ्याला ठेच लागल्यासारखं होतं. उलट वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर ते मधे कोंबू नका. ‘पिक द टू बॉक्सेस दॅट केम फ्रॉम नाशिक यस्टरडे अप’ हे वाचणाऱ्याचा दम काढणारं आहे. तिथे ‘पिक अप’ एकत्र ठेवून वर्णन पुढे सोडायचं.

आपल्याकडेही याच्या जवळ जाणारं काही आहे. ‘उचलून घे’, ‘खाऊन टाक’, ‘लिहून काढ’ ही जोडीची क्रियापदं आपण सहसा फोडत नाही. ‘उचलून पेटी घे’ असं कोणी म्हणत नाही. पण ‘उचलून तर घे’, ‘खाऊन तरी टाक’ असं मात्र सर्रास म्हणतो. मधे शिरायची मुभा चिमुकल्या शब्दांना आहे. ‘पिक इट अप’ म्हणताना हे ‘उचलून तर घे’ आठवा. अर्थ वेगळा आहे, पण जिभेला लागणारी लय ओळखीची वाटेल.

आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मराठीतून विचार करणं हा दोष आहे, असं तुम्ही गृहीत धरलंय. या एका क्रियापदापुरतं तरी ते खरं नाही. ‘उचलणे’ आणि ‘पिक अप’ कितीतरी अंतर बरोबरीने चालतात. पेटी उचलली, फोन उचलला, पोलिसांनी दोघांना उचललं, पोरीने आईची बोलायची ढब उचलली, राहण्याचा खर्च कंपनीने उचलला: या पाचही ठिकाणी इंग्रजीत ‘पिक्ड अप’ चालतं. ‘शी पिक्ड अप कन्नड इन सिक्स मंथ्स’ म्हणजे शिकवणी न लावता, ऐकून ऐकून कन्नड उचललं. ‘द कंपनी पिक्ड अप द बिल’ म्हणजे खर्च कंपनीने उचलला. हजारांच्या यादीत हे अर्थ क्रमांक टाकून वेगवेगळे दिलेले असतात, म्हणून ते परके वाटतात. प्रत्यक्षात ते तुमच्या रोजच्या बोलण्यात आहेत.

फाटा कुठे फुटतो, तेवढं लक्षात ठेवायचं. ‘जबाबदारी उचलली’ला ‘पिक अप’ नाही, ‘टेक ऑन’ म्हणतात. ‘पाऊल उचललं’ म्हणजे ‘टुक अ स्टेप’. ‘हात उचलला’ म्हणजे मारलं, तिथे ‘हिट’. मुद्दा ‘उचलून धरला’ म्हणजे पाठिंबा दिला, ‘सपोर्टेड’. दुसऱ्या बाजूने, जिथे मराठीत ‘उचलणे’ येत नाही पण इंग्रजीत ‘पिक अप’ येतं, अशा जागाही ठरलेल्या आहेत. माणसाला घ्यायला जाणं: ‘आय पिक्ड माय सन अप फ्रॉम स्कूल’. येताना वाटेत काही घेणं: ‘पिक अप सम मिल्क’. प्रवासात सर्दी होणं: ‘आय पिक्ड अप अ कोल्ड’. आणि जोर धरणं: ‘द रेन इज पिकिंग अप’, ‘सेल्स पिक अप बिफोर दिवाळी’. या शेवटच्या प्रकारात कोणी काही उचलत नाही; पाऊसच वाढतो, मालालाच उठाव येतो. म्हणून मधे ठेवायला काही नसतं. ‘द ट्रक पिक्ड अप स्पीड’मध्ये ‘स्पीड’ आहे, पण तो ‘अप’च्या पुढेच राहतो, मधे घालत नाहीत.

‘अप’ गाळायची सवयही फार पसरली आहे, आणि ती इंग्रजी माध्यमातून आलेल्यांमध्येही भरपूर दिसते: ‘आय विल पिक यू ॲट सिक्स’, ‘ही डिडन्ट पिक माय कॉल’. भारतात समजून घेतात. भारताबाहेरचा ग्राहक अडखळेल, कारण नुसतं ‘पिक’ म्हणजे निवडणं किंवा तोडणं. ‘आय विल पिक यू’ म्हणजे मी तुझी निवड करेन, जणू संघच निवडायला बसलोय. फरक डोळ्यांसमोर आणायचा तर सकाळची फुलं आठवा. मोगऱ्याची फुलं झाडावरून तोडायची, ते ‘पिक’. प्राजक्ताचा सडा जमिनीवर पडलेला असतो, ती फुलं वाकून वेचायची, ते ‘पिक अप’. ‘वेचणे’ हा आपला शब्द मात्र दोन्हीकडे जातो, म्हणून नुसत्या भाषांतराने फसगत होते: कापूसही आपण वेचतो, पण तो बोंडातून, झाडावरून, म्हणून ‘पिक कॉटन’. वेचताना खाली पडलेलं बोंड उचललं तर तेवढ्यापुरतं ‘पिक अप’. ‘अप’ हा शब्द खालून वर येण्याची हालचाल दाखवतो, आणि माणसाला गाडीत घेतानाही तीच कल्पना आहे: रस्त्यावरून उचलून गाडीत.

तुमच्या मेलमधलं दुसरं वाक्य आता पुन्हा बघा, कारण त्यात एक चूक साहेबांनाही दिसली नसावी. ‘यस्टरडे ही डिडन्ट पिकअप्ड’ यातला प्रत्यय काढला, शब्द तोडले, तरी उरतं ‘यस्टरडे ही डिडन्ट पिक अप’. व्याकरणात ते शुद्ध आहे. पण त्याचा सरळ अर्थ होतो: काल त्याने फोन उचलला नाही! फोनच्या बाबतीत ‘पिक अप’ला कर्म लागत नाही; बाकी उचलण्या-नेण्याच्या ठिकाणी लागतं. मराठीत आपण कर्म बिनदिक्कत गाळतो. ‘काल नेलं नाही’, ‘स्टेशनवरून घेते’ यात काय, कोणाला, हे समोरच्याला कळतं. इंग्रजीत ती पोकळी चालत नाही, तिथे निदान ‘इट’ किंवा ‘यू’ ठेवावाच लागतो: ‘ही डिडन्ट पिक इट अप’, ‘आय विल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन’. मराठी माध्यमातून येणाऱ्या बऱ्याच जणांची खरी चूक ही असते. तुम्हीही ‘अप’ची जागा सुधाराल आणि ‘इट’ विसराल, म्हणून यावर जास्त लक्ष द्या.

उच्चाराचंही थोडं सांगायला हवं, कारण ड्रायव्हर आणि ग्राहक तुमच्याशी फोनवर बोलतात. ‘पिक’ ऱ्हस्व आहे. तो लांबवला की शेतातलं ‘पीक’ होतं, आणि इंग्रजीतही तो वेगळाच शब्द आहे. नामात जोर ‘पिक’वर, क्रियापदात जोर ‘अप’कडे. आणि बोलताना हे शब्द सुटे ऐकू येत नाहीत. ‘पिक इट अप’ कानावर पडतं ते ‘पिकिटप’ असं, अमेरिकन माणसाच्या तोंडून जवळजवळ ‘पिकिडप’. ‘पिक्ड अप’ म्हणजे ‘पिक्टप’, कारण ‘क’नंतरचा तो प्रत्यय ‘ट’सारखा वाजतो. ‘पिक हिम अप’मधला ‘ह’ गळतो आणि ‘पिकिमप’ उरतं. फोनवर ‘समजलं नाही’ असं तुम्हाला वाटत असेल, तर बऱ्याचदा शब्द माहीत असतो. शब्द कुठे जोडलेत ते कानाने पकडलेलं नसतं.

आता टाळायचं की शिकायचं. ‘कलेक्ट’ हा उत्तम शब्द आहे. ‘अवर ड्रायव्हर विल कलेक्ट इट टुमॉरो’ हे वाक्य शुद्ध आहे, औपचारिक मेलमध्ये शोभतं आणि मधल्या जागेची भानगडही नाही. घाईच्या दिवशी, साहेब डोक्यावर उभे असताना, बेलाशक तेच वापरा. त्यात हार मानण्यासारखं काही नाही. पण समोरचा ‘कॅन यू पिक देम अप बाय फोर?’ असंच विचारणार, आणि फोन तर कोणी ‘कलेक्ट’ करत नाही. म्हणजे लिहिताना टाळता येईल, ऐकताना नाही.

हजारांची यादी मात्र कपाटात ठेवा. ती तुमच्या वयामुळे फसलेली नाही. ‘पिक अप’, ‘पिक ऑन’, ‘पिक आउट’, ‘पिक ॲट’ हे दिसायला सारखे शब्द एकाच पानावर, एकाच दिवशी पाठ केले तर ते एकमेकांना पुसतातच, विशीतल्या पोरांच्याही डोक्यात. शिवाय यादीत वस्तू नसते. काय उचललं, कोणाला घेतलं, ते रिकामं असतं. बिल्टी, ई-वे बिल, पीओडी हे मालवाहतुकीच्या कागदपत्रांचे शब्द तुम्ही तेहतिसाव्या वर्षी, पाठांतर न करता शिकलात, कारण प्रत्येक शब्दासोबत हातात एक कागद होता. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नावसुद्धा रूढ झालं ते 1925मध्ये आलेल्या, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून. इंग्रजी बोलणारी माणसं त्याआधी कैक शतकं ही क्रियापदं वापरत होती, तीही काहीतरी उचलता उचलता.

म्हणून एकच क्रियापद घ्या आणि त्याला 14 दिवस द्या. शंभर पानी वही, रोज एक पान. त्या दिवशी खरोखर घडलेल्या पाच गोष्टी लिहायच्या, पुस्तकातल्या नाहीत. पोराला शाळेतून आणलं, कोथिंबीर घेतली, ड्रायव्हरने फोन उचलला नाही, खाली पडलेली किल्ली उचलली, चाकणहून माल उचलला. जिथे वस्तू किंवा माणूस आहे, ते वाक्य तीन रूपांत लिहा: ‘आय पिक्ड अप द की. आय पिक्ड द की अप. आय पिक्ड इट अप.’ पहिली दोन रूपं हाताला वळण लावतात, खरी कमाई तिसऱ्यात आहे. मग पान मोठ्याने वाचा आणि तिसरं रूप एका दमात म्हणा, मधे न थांबता. पंधरा मिनिटांच्या वर वेळ लागत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळा येईल, तीच ती वाक्यं वाटतील. तेव्हा काळ बदला: उद्याचं, आत्ता चाललेलं, न झालेलं, प्रश्नार्थी. ‘हॅव यू पिक्ड देम अप?’ हे वाक्य तुमच्या टेबलावर रोज वीसदा लागतं. आणि ‘द पार्सल वॉज पिक्ड अप ॲट फोर’ हे कर्मणी रूप ग्राहकाला कळवायला सगळ्यात सोयीचं आहे, कारण कोणी उचललं ते सांगावं लागत नाही.

एक सावधगिरी, बायकांनी आणि पुरुषांनीही बाळगायची. ‘पिक समवन अप’ला, विशेषतः बार, पार्टी अशा संदर्भात, ओळख नसलेल्या व्यक्तीला गटवून सोबत नेण्याचा अर्थ आहे. ‘आय पिक्ड अप अ गर्ल’ हे वाक्य तसं ऐकू येऊ शकतं. ‘कलीग’, ‘माय सिस्टर’, ‘द क्लायंट’ असं नातं घातलं किंवा कुठून ते सांगितलं की गैरसमज होत नाही.

14 दिवसांनी पुढचं घ्याल ते याच जातीचं घ्या: ‘कॉल बॅक’. ‘प्लीज कॉल बॅक मी’ हे तुम्ही नक्की लिहीत असाल. तिथेही ‘कॉल मी बॅक’. मग ‘ड्रॉप ऑफ’, मग फॉर्मसाठी ‘फिल इन’. पण हा मधल्या जागेचा नियम सगळ्यांना लावू नका. ‘लुक आफ्टर’, ‘वेट फॉर’ ही फुटत नाहीत: ‘लुक आफ्टर हिम’, ‘वेट फॉर मी’. कुठलं फुटतं, ते डोक्याने ठरवत बसण्यापेक्षा शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात बघा. ऑक्सफर्ड आणि लाँगमन दोघांच्याही अशा कोशांत फुटणाऱ्या क्रियापदाजवळ दोन्हीकडे टोक असलेला बाण छापलेला असतो. बाण दिसला की सर्वनाम मधे.

आणि त्या बंगळूरच्या ग्राहकाचा मेल. पुन्हा अशी वेळ आली तर हा असा पाठवा, वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवलात तरी चालेल: ‘सॉरी, अवर ड्रायव्हर डिडन्ट पिक इट अप यस्टरडे. द पिकअप इज नाउ ॲट इलेव्हन टुमॉरो. इफ ही डझन्ट पिक अप व्हेन यू कॉल, प्लीज कॉल मी.’ एकदा सर्वनाम मधे, एकदा नाम जोडून, एकदा फोन. पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. पहिल्या वाक्यात ‘पिकिटप’ ऐकू आलं पाहिजे.